एकाच रंगाची दोन वावरे



माझे वास्तव्य इंदूरास असले तरी माझ्या बहिणीचे सासर वऱ्हाडात, अकोट तालुक्याच्या दक्षिण भागातील एका खेड्यात आहे. तेथील शेती आता माझा भाचा पाहतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या पिशवीतून आंब्यांबरोबर एक रंगीत कागदही बाहेर निघाला. त्याच्या दोन शेतांचा तो नकाशा होता. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानदाराने, हा उपग्रहावरून काढलेला आहे असे सांगून, तो त्याला दिला होता. दोन्ही शेते एकाच गडद हिरव्या रंगाने रंगविलेली, आणि त्या रंगाचा अर्थ खाली छापलेला : खोल काळी जमीन, संत्र्यास योग्य. भाच्याने कागद माझ्यापुढे ठेवला व म्हणाला, “मामा, हा नकाशा म्हणते दोन्ही वावरं सारखीच. पन विहिरीजवळच्या वावरात पाऊस झाल्यावर आठ दिवस पाय टाकता येत नाही, अन् नाल्याकडच्या वावरात चौथ्या दिवशी डवरा चालते. आता मले सांगा, चुकलं कोन? नकाशा का मी?”

प्रश्न गमतीने विचारलेला नव्हता. संत्र्याची कलमे लावण्यासाठी तो कर्ज काढणार होता. संत्र्याचे झाड पाच-सहा वर्षांनी फळावर येते. कपाशी चुकली तर एक हंगाम जातो. बाग चुकली तर ती चुकली हे कळावयालाच पाच वर्षे लागतात, आणि तोवर व्याज काही थांबत नाही. मी उमेदीची काही वर्षे जमिनीच्या पाहणीच्या कामात घालविली आहेत, म्हणून त्याने हा प्रश्न मला विचारला. परंतु माझे शिक्षण झाले ते कुदळ, गिरमिट आणि रंगीत पेन्सिली ह्यांच्या काळात. त्याला उत्तर देण्यापूर्वी मला स्वतःलाच पुष्कळ वाचावे लागले. त्या वाचनातून व पुढे जे घडले त्यातून जे हाती आले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला अंक द्यावयाचा ही कल्पना संगणकाने आणलेली आहे असे कोणी समजू नये. आपल्याकडे ती निदान पावणेदोनशे वर्षांची जुनी आहे, आणि ती सारावसुलीच्या पोटी जन्मली. पेशवाई गेल्यानंतर पुणे प्रांतात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास जमिनीची एक पाहणी केली. हा गृहस्थ अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा विद्यार्थी. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न, त्यातून खर्च वजा, उरेल त्यावर सारा, असा त्याचा हिशेब अगदी काटेकोर होता. पण खालच्या कारकुनांनी केलेली जमिनीची पारख व मोजणी इतकी सदोष होती की त्या काटेकोर हिशेबाने रयत नाडली गेली, लोक गावे सोडून जाऊ लागले आणि अखेर ती सारी पद्धत टाकून द्यावी लागली. श्रोत्यांनी हे प्रिंगलसाहेब ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

त्यानंतर इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी नव्याने काम सुरू केले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात त्या पद्धतीला पक्के रूप आले. तिला आपण प्रतबंदी म्हणतो. शेताच्या कच्च्या आराखड्यावर रेषा आखून भाग पाडावयाचे, प्रत्येक भागात जमीन उकरून माती किती हात खोल आहे ते पाहावयाचे, आणि तिचा पोत व रंग पाहून ती तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गात बसते ते ठरवावयाचे. पावणेदोन हात खोल, एकसारखी, बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची. तेथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. शिवाय प्रत्येक दोषाला एक खूण. चुनखडी असली, वाळू मिसळलेली असली, उतार असला, उपळ लागत असला, पाणी न मुरणारा थर असला, की एकेका दोषासाठी प्रत एक पायरी खाली. वऱ्हाडातही पुढे ह्याच पद्धतीने जमाबंदी झाली. म्हणजे माझ्या भाच्याच्या खापरपणज्याच्या शेताला चौकटी होत्या, अंक होते, आणि “येथे पाणी मुरत नाही” असे सांगणारी खूणही होती. एकच गोष्ट निराळी : ज्याने तो अंक लिहिला, त्याने त्या चौकटीत उभे राहून जमीन उकरलेली होती.

आता थोडे शास्त्राकडे वळू. माती ही नुसती झिजलेल्या खडकाची भुकटी नसून तिला स्वतःचा जन्म व स्वतःची वाढ आहे, हे प्रथम ठासून सांगितले ते दोकुचायेव ह्या रशियन शास्त्रज्ञाने. रशियाच्या काळ्या मातीवरील त्याचा ग्रंथ १८८३ साली प्रसिद्ध झाला. हवामान, मूळ खडक, भूमीचा चढउतार, वनस्पती व जीवजंतू, आणि काळ, ह्या पाच गोष्टींच्या संयोगाने माती घडते, असे ह्या विचाराचे सार आहे. १९४१ साली हान्स येनी ह्याने तेच गणिताच्या भाषेत मांडले.

बेळगावकडील श्रोत्यांना हे सिद्ध करून दाखविण्यासाठी रशियाला जावयाला नको. सकाळी खानापुराहून निघावे. तेथे धो धो पाऊस, जांभा दगड, तांबडी माती आणि भात. पूर्वेकडे जात राहावे. पाऊस आटत जातो, जांभा मागे पडतो, बैलहोंगल आले की चाकाला चिकटणारी काळी जमीन लागते, आणि दुपारी सौंदत्तीस पोहोचेपर्यंत ज्वारी-कापसाच्या मुलखात आपण आलेले असतो. गाडीत बसल्या बसल्या आपण मनाशी म्हणतो, येथे पाऊस कमी, जमीन सपाट, तेव्हा माती काळी असणार. हा तर्क ज्याला करता आला, त्याला अंकीय मृदानकाशाचे अर्धे मर्म कळले. खड्डा न खोदता, आजूबाजूच्या परिस्थितीवरून मातीचा अदमास घ्यावयाचा, एवढेच ते आहे. उरलेले अर्धे मर्म हे की, तो अदमास किती चुकू शकतो हेही सांगावयाचे.

आमच्या वेळी अदमासाची ही कला पाहणी करणाऱ्याच्या डोक्यात असे. आम्ही ठिकठिकाणी खड्डे खणीत असू, मातीचे थर पाहत असू, आणि मग नकाशावर एक रेषा ओढीत असू : हिच्या अलीकडे ही माती, पलीकडे ती. एक कबुली देतो. एकदा पावसात बैलगाडी रुतल्यामुळे शेवटचे दोन खड्डे मी खणलेच नाहीत, आणि समोर दिसणाऱ्या नाल्याच्या कडेने रेषा ओढून मोकळा झालो. तो नकाशा पुढे छापला गेला. माझी ती अंदाजाची रेषा आणि पंचवीस खड्डे खणून ओढलेली दुसरी रेषा, दोन्ही सारख्याच जाडीच्या व सारख्याच काळ्या छापल्या गेल्या. कागदावरची रेषा आपली शंका कधी बोलून दाखवीत नाही.

तरीही त्या पद्धतीने देशात फार मोठे काम झाले आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या आणि नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने देशभर दर १० किलोमीटरांच्या जाळीवर मातीची पाहणी करून राज्याराज्यांचे नकाशे तयार केले. त्यांचे प्रमाण एकास अडीच लाख. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. राज्याचे धोरण ठरविण्यासाठी तो नकाशा उत्तम. पण माझ्या भाच्याची दोन्ही वावरे त्यात पेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जातात.

येथे संगणकाचा प्रवेश होतो. भौगोलिक माहिती प्रणाली, जिला सर्वत्र जी.आय.एस. म्हणतात, तिचा जन्मही जमिनीच्या नोंदीतूनच झालेला आहे. रॉजर टॉमलिन्सन नावाच्या भूगोलज्ञाकडे केनियात वृक्षलागवडीसाठी योग्य जागा शोधण्याचे काम आले होते. उतार, माती, पाऊस, रस्ते अशा प्रत्येक गोष्टीचा पारदर्शक नकाशा करून ते एकावर एक ठेवावे आणि सर्व अटी कोठे जुळतात ते पाहावे, ही त्यावेळची रीत. तो खर्च इतका भारी होऊ लागला की हे काम यंत्राकडून करवून घेता येईल काय, असा विचार त्याच्या मनात आला. पुढे कॅनडाच्या सरकारने साऱ्या देशाच्या जमिनीची उपयुक्तता नोंदविण्याचे काम हाती घेतले, तेव्हा १९६० नंतरच्या दशकात त्याच्याच नेतृत्वाखाली अशी पहिली प्रणाली उभी राहिली. नकाशावर नकाशा ठेवण्याचे काम आता संगणक करतो. पारदर्शक कागदाच्या जागी अंकांनी भरलेल्या चौकटींचे थर आले, एवढाच काय तो फरक.

मातीच्या बाबतीत ह्या थरांचा उपयोग कसा करावयाचा ह्याचे सूत्र २००३ साली मॅकब्रॅटनी, मेंदोंसा सांतोस आणि मिनास्नी ह्या तिघांनी एका विस्तृत निबंधात बांधून दिले. येनीच्या पाच घटकांत त्यांनी आणखी दोन घातले : त्या ठिकाणाविषयी आधीच ठाऊक असलेली मातीची माहिती, आणि ते ठिकाण नेमके कोठे आहे ही गोष्ट. हा शेवटचा घटक क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. जवळजवळच्या जमिनी बहुधा सारख्या असतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण कितपत सारख्या आणि किती अंतरापर्यंत, हे मोजण्याची युक्ती दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत सापडली. क्रीग नावाच्या खाण-अभियंत्याने १९५१ साली थोड्या नमुन्यांवरून खाणीतील सोन्याचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली, आणि फ्रान्समधील माथेरॉन ह्याने तिला गणिताचा पाया दिला. आज मातीचा नकाशा करणारे तीच पद्धत वापरतात.

प्रत्यक्ष काम असे चालते. समजा, एका जिल्ह्याच्या पंचवीस-तीस मीटरांच्या चौरस चौकटी पाडल्या. प्रत्येक चौकटीची उंची आपल्याला आकाशातून मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ ह्या अमेरिकन अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारच्या साह्याने पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाची उंची टिपली. ती माहिती आज कोणालाही फुकट मिळते. उंचीवरून उतार निघतो, उताराची दिशा निघते, आणि ह्या चौकटीत वरच्या किती क्षेत्राचे पाणी वाहून येते हेही निघते. पाणी पुष्कळ येत असून उतार थोडा असला तर ती जागा ओली राहणार, असा एक आकडाच तयार करता येतो. मग उपग्रहाची छायाचित्रे. युरोपच्या सेंटिनेल मालिकेतील उपग्रह २०१५ पासून दहा मीटरांपर्यंत बारकाईने जमीन टिपीत आहेत. चैत्र-वैशाखात शेते उघडी असतात तेव्हा मातीचा रंग दिसतो, आणि पीक उभे असते तेव्हा पिकाची तब्येत दिसते. त्यात पावसाचे मान व खडकाचा प्रकार घातला की प्रत्येक चौकटीची एक जन्मपत्रिकाच तयार झाली.

पण ह्या जन्मपत्रिकेत अजून माती आलेली नाही. ती येते खड्ड्यांतून. जिल्ह्यात, समजा, दोनशे ठिकाणी कोणी खड्डा खणून माती तपासली आहे. त्या दोनशे चौकटींची जन्मपत्रिका आणि त्यांची खरी माती ह्यांची जोडी संगणकापुढे ठेवावयाची आणि त्यातून त्याला नियम शोधावयास लावावयाचे. ह्यासाठी पुष्कळ ठिकाणी जी रीत वापरतात ती ब्रेमन ह्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००१ साली मांडली. तिचे स्वरूप गावच्या पंचांसारखे आहे. उतार दोन टक्क्यांहून कमी आहे काय? असल्यास, वैशाखात जमीन गडद दिसते काय? अशा प्रश्नांची एक साखळी म्हणजे एक पंच. प्रत्येक पंचाला दोनशेपैकी काही निवडक खड्डेच दाखवावयाचे, म्हणजे प्रत्येकाचे मत थोडे वेगळे बनते. असे पाचशे पंच बसवावयाचे व सर्वांच्या मताची सरासरी घ्यावयाची. पाचशेही पंच एकाच मताचे असले तर अंदाज भरवशाचा. मते पांगली तर शंकेला जागा. मग जेथे कोणी कधी खड्डा खणलेला नाही अशा लक्षावधी चौकटींना हे पंच आपला निकाल देतात, आणि नकाशा रंगतो.

हे सारे वाचून मी खरोखर आनंदलो. माझ्या त्या बैलगाडीच्या रेषेला जी शंका बोलता आली नाही, ती ह्या नकाशाला बोलता येते. चांगला अंकीय नकाशा नेहमी जोडीने निघतो. एका नकाशात अंदाज आणि दुसऱ्यात त्या अंदाजाची अनिश्चितता. हॉलंडमधील वागेनिंगेन येथील आंतरराष्ट्रीय मृदासंस्थेने साऱ्या जगाचा असा नकाशा २५० मीटरांच्या चौकटींत केला आहे, आणि जमिनीखाली दोन मीटरांपर्यंतच्या सहा थरांसाठी, प्रत्येक अंदाजाबरोबर त्याची अनिश्चितताही प्रसिद्ध केली आहे. मात्र २५० मीटरांची एक चौकट म्हणजे सव्वासहा हेक्टर. महाराष्ट्रातील सरासरी खातेदाराची जमीन दीड हेक्टरही भरत नाही. म्हणजे एका चौकटीत चार खातेदार आणि त्यांचे बांध सहज मावतात. शिवाय त्या नकाशासाठी जगभरातून गोळा झालेल्या लाखो खड्ड्यांत भारतातील फार थोडे आहेत.

दुकानदाराने भाच्याला दिलेल्या कागदावर अनिश्चिततेचा नकाशा नव्हता, चौकट किती मोठी हे लिहिलेले नव्हते आणि किती खड्ड्यांवरून तो केला हेही नव्हते. विक्रीच्या कागदावर शंका छापली तर माल खपत नाही, हे उघडच आहे. प्रिंगलसाहेबांचा काटेकोर हिशेब मला आठवला तो येथे.

आता त्या दोन वावरांकडे येऊ. उत्तरेला गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग, ह्यांच्या मधल्या खोलगट भागात नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे मैदान आहे. त्यातून पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीस मिळते. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या ह्या मैदानातील विहिरींचे पाणी खारे, म्हणून लोक त्याला खारपाणपट्टा म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी गोडे पाणी व संत्र्याच्या बागा, आणि तेथून थोडे खाली आले की खारे पाणी. अकोट तालुका ह्या दोहोंच्या सीमेवर आहे. सीमेवर म्हणजे नेमकी रेषा कोठेच नाही.

ह्या पट्ट्यातील जमीन दिसावयास सोन्यासारखी. खोल, काळी, भरदार. पाणी मचूळ असले तरी कित्येक ठिकाणी जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा दिसत नाही. दोष आहे तो खाली. कोरड्या हवेत जमिनीतील चुना खड्यांच्या रूपाने साकळत जातो. मातीच्या कणांना चिकटून राहणारे कॅल्शियम असे चुन्यात अडकून पडले की त्याची जागा सोडियम घेतो, आणि जसजसे खोल जावे तसतसा त्याचा वाटा वाढतो. कॅल्शियम मातीच्या कणांना एकत्र धरून ठेवतो. सोडियम त्यांना सैल सोडतो. सैल सुटलेले बारीक कण पाण्यात पसरतात, छिद्रे बुजवितात, आणि पाणी खाली उतरेनासे होते. कृष्णाकाठी अथणी-चिकोडीकडील श्रोते ज्या चोपण जमिनीला ओळखतात, तिचीच ही नात्यातली. फरक एवढाच, की तेथे उसाला दिलेल्या बेसुमार पाण्याने जे केले, ते येथे हवेच्या कोरडेपणाने शतकानुशतके सावकाश केले. सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला म्हणजे जमीन बिघडली, असा दंडक अमेरिकेतील क्षारजमिनींच्या प्रयोगशाळेने १९५४ साली घालून दिला होता. विदर्भातील काळ्या जमिनींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र असे आढळले की आपल्याकडे ५ टक्क्यांच्या पुढेच निचरा बिघडू लागतो.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, आणि ती वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ बसलो. ह्या मैदानात बिघडलेली जमीन खोलगट जागी नसून पुष्कळदा किंचित उंचवट्यावर असते. उंचवट्यावरचे पावसाचे पाणी वाहून जाते, आत कमी मुरते, म्हणून तेथे जमीन अधिक कोरडी राहते, चुना अधिक साकळतो आणि सोडियम वाढतो. खोलगट भागात पाणी मुरते व क्षार धुऊन नेते. म्हणजे सखल जागा ती दलदलीची, उंच ती निचऱ्याची, हा जो सर्वसामान्य नियम संगणकाला अन्य मुलखातून शिकविलेला असतो, तो येथे उलटा पडतो. बरे, हा उंचवटा तरी केवढा? काही ठिकाणी पुरुषभरही नाही. अंतराळातून मोजलेल्या उंचीतच काही मीटरांची चूक असू शकते. त्या चुकीत सारा उंचवटा बुडून जातो. आणि उपग्रहाच्या डोळ्याला दिसतो तो मातीचा वरचा पापुद्रा. दोन हात खाली काय आहे ते त्याला दिसत नाही. दोन्ही वावरे काळी, दोन्ही सपाट, दोन्हींवर पाऊस तेवढाच. पाचशे पंच बसवा, ते एकमताने सांगतील की ही जमीन एकच आहे.

मी भाच्याला त्याची मृदा आरोग्यपत्रिका आणावयास सांगितले. २०१५ साली ही योजना देशभर सुरू झाली आणि तिच्यासाठी बागायतीत अडीच हेक्टरांना व कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक ह्या हिशेबाने नमुने घेतले गेले. जाळीचा हा बारीकपणा खरोखर वाखाणण्यासारखा आहे. पत्रिकेत बारा गोष्टींची नोंद असते : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे आणि सामू, विद्युत्‌वाहकता व सेंद्रिय कर्ब. सोडियम त्या बारांत नाही. नमुनाही वरच्या वीतभर थराचा. खतांची मात्रा ठरविण्यासाठी तो पुरेसा आहे, आणि पत्रिका त्यासाठीच आहे. पण संत्र्याची मुळे वीतभर मातीवर थांबत नाहीत.

दिवाळीनंतर मी स्वतः तिकडे गेलो. दोन्ही वावरांत कमरेइतके खड्डे खणले. वरच्या दोन वीतभर मातीत मलाही फरक सांगता आला नाही. खाली गेल्यावर विहिरीजवळच्या खड्ड्यात चुन्याचे खडे दाट लागू लागले आणि ढेकूळ दगडासारखे कठीण झाले. नाल्याकडच्या खड्ड्यात खडे विरळ आणि मुळ्या खोलवर गेलेल्या. मग मी एक साधा प्रयोग केला, जो श्रोत्यांपैकी कोणालाही घरी करता येईल. ऑस्ट्रेलियातील एमर्सन ह्या शास्त्रज्ञाने १९६७ साली तो मांडला होता. दोन स्वच्छ पेले घ्यावे. त्यांत गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी ओतावे. विहिरीचे मुळीच घेऊ नये. खालच्या थरातील वाळलेल्या मातीचे हरभऱ्याएवढे ढेकूळ अलगद सोडावे. पेला हलवावयाचा नाही, ढवळावयाचे नाही. दोन तासांनी पाहावे आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाहावे. ढेकूळ फुटून तळाशी बसले आणि पाणी निवळ राहिले, तर फारशी चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखे वलय पसरून पाणी गढूळ झाले, तर मातीत सोडियमचे वर्चस्व आहे असे समजावे. ह्यात एक सावधगिरी सांगतो. जमिनीत विरघळणारे मीठ पुष्कळ असेल तर सोडियम असूनही पाणी निवळ राहू शकते. म्हणून ह्या प्रयोगावर थांबू नये, दोन-तीन हातांवरची माती प्रयोगशाळेत द्यावी आणि सोडियमचा वाटा मुद्दाम मोजून मागावा. मागितल्याशिवाय तो सहसा कोणी मोजीत नाही.

आम्ही पेले देवघराच्या कोनाड्यात ठेवले. सकाळी नाल्याकडच्या वावराचा पेला निवळ होता. विहिरीजवळच्याचा अजून ताकासारखा पांढुरका. पुढे प्रयोगशाळेनेही तेच सांगितले. ह्या आषाढात भाच्याने नाल्याकडच्या वावरात तेवढी कलमे लावली; दुसऱ्या वावरात जिप्सम घालून सरीवरंब्यावर कपाशीच ठेवली आहे. कलमे अजून गुडघ्याएवढी आहेत, तेव्हा त्याचा निर्णय बरोबर ठरला की नाही हे सांगावयास मला पुन्हा पाच वर्षांनी यावे लागेल.

खड्डे बुजविण्यापूर्वी त्याने दोन्ही जागांचे अक्षांश व रेखांश आपल्या मोबाईलवरून टिपून घेतले, थरांची जाडी फुटपट्टीने मोजली आणि सारे वहीत लिहिले. मी विचारले, हे कशाला? तर म्हणाला, “मामा, हे त्या नकाशावाल्याइले पाठवलं तं माह्या वावराचा रंग बदलते का?” मी म्हटले, दोन खड्ड्यांनी नाही बदलावयाचा. गावातल्या पन्नास जणांनी आपापल्या वावरात असेच खणून, असेच मोजून लिहून ठेवले, तर बदलेल. त्याने वहीत खाली एक रेघ ओढली आणि शेजारच्या वावरांच्या धन्यांची नावे लिहावयास सुरुवात केली.